त्सुबाचा सातबारा: जुन्या जपानी तलवारीच्या साजातले फेरफार कसे ओळखायचे

जुनी जमीन घ्यायची तर आपण आधी फेरफार बघतो. सातबाऱ्यावर आज कोणाचं नाव आहे, एवढ्यावर शहाणा माणूस थांबत नाही. ते नाव कधी चढलं, त्याआधी कोणाचं होतं, मधली नोंद कशावरून झाली, हे तो तलाठ्याकडे बसून उकरून काढतो. जपानी तलवारीचा जुना साज घेणाऱ्यालाही हेच करावं लागतं. फक्त इथे नोंदवही वेगळी नसते. ती त्या धातूच्या तुकड्यावरच कोरलेली, ठोकलेली आणि गंजलेली असते.

या साजातला सगळ्यात नावाजलेला भाग म्हणजे त्सुबा. मूठ आणि पातं यांच्या मधली, हात पात्यावर घसरू नये म्हणून बसवलेली चकती. मराठा तलवारीची परज मुठीतच घडवलेली असते. ती वेगळी काढता येत नाही. जपानी तलवारीत सगळं सुटं. मुठीतून आरपार गेलेली बांबूची बारीक खुंटी काढली की मूठ उतरते, मग सेप्पा नावाच्या पातळ चकत्या, मग त्सुबा, आणि हातात उरतं नुसतं पातं. त्यामुळे पातं चारशे वर्षांचं असलं तरी त्याचा साज मालकाच्या ऐपतीनुसार, हुद्द्यानुसार आणि त्या त्या काळच्या आवडीनुसार बदलत गेला. त्सुबाही एका पात्यावरून दुसऱ्यावर गेली. नव्या पात्याचा मुठीत जाणारा दांडा कधी जाड, कधी रोड. मग भोक कानशीनं वाढवा, नाहीतर ठोकून आवळा.

म्हणजे फेरफार झाला याचा अर्थ लबाडी झाली असा होत नाही. सामुराईच्या कमरेला असताना गरजेपोटी झालेला बदल हा त्या वस्तूच्या आयुष्याचा भाग. काचेच्या कपाटात जायच्या आधी, भाव वाढावा म्हणून केलेला बदल ही फसवणूक. दोन्हींत हत्यारं तीच, छिन्नी आणि कानस. म्हणून ‘ही अस्सल आहे का?’ हा प्रश्न मला तितकासा उपयोगी वाटत नाही. ‘यातलं काय आधी झालं आणि काय नंतर?’ असं विचारलं की धातू उत्तर देऊ लागतो. या लेखात मी हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणार आहे.

बाजारात इतका सुटा साज आला कुठून? मार्च १८७६मध्ये मेइजी सरकारनं हाइतोरेई हा हुकूम काढला आणि लष्कर, पोलीस वगैरे सोडून इतरांना चारचौघांत तलवार बाळगायला बंदी केली. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या धंद्याचं गिऱ्हाईक एका हुकुमानं गेलं. तलवारीचे साज सोडवून विकले गेले, जहाजांनी युरोप-अमेरिकेत गेले. कारागिरांनी फुलदाण्या, धूपदाण्या, परदेशी पाहुण्यांना आवडतील अशा शोभेच्या वस्तू करायला घेतल्या. कानो नात्सुओसारखा पहिल्या प्रतीचा धातुकलावंत नव्या सरकारच्या नाण्यांच्या कामाला लागला. योकोहामा बंदरातून परदेशी गिऱ्हाइकासाठी जो माल जाई त्याला ‘हामामोनो’ असं जरा नाक मुरडूनच म्हणत. त्यात त्सुबाही होत्या: कधीच तलवारीवर न चढलेल्या, सोन्यानं मढवलेल्या, डोळ्यांत भरणाऱ्या. जुन्या साध्या त्सुबांवर नवं सोनं, नवी नक्षी आणि नव्या सह्या चढवण्याचा उद्योगही या बाजारात फोफावला. तो अजून थांबलेला नाही. दुकानाच्या जागी आता ऑनलाइन लिलाव आले, एवढंच.

आता त्सुबा हातात घेऊ. कतानाची, म्हणजे मोठ्या तलवारीची त्सुबा साधारण ७ ते ८.५ सेंटिमीटर, धाकट्या वाकिझाशीची त्याहून लहान. मधोमध दांड्याचं उभं, वर निमुळतं होत गेलेलं भोक, ते नाकागो-आना. त्याच्याभोवती लंबगोल सपाट जागा, जिच्यावर सेप्पा टेकते, ती सेप्पा-दाई. सही असली तर बहुधा इथेच, म्हणजे तलवार जोडलेली असताना कोणाला दिसणार नाही अशा जागी. नाकागो-आनाच्या दोन बाजूंना आणखी दोन भोकं असू शकतात, त्यांना हित्सु-आना म्हणतात. निमुळतं टोक वर धरून मुठीच्या बाजूनं पाहिलं तर डावीकडचं अर्ध्या चंद्रासारखं. ते कोझुकाचं, म्हणजे म्यानात खोचलेल्या छोट्या सुरीच्या मुठीचं. उजवीकडचं तीन पाकळ्यांसारखं, ते कोगाईचं. कोगाई म्हणजे केस सारखे करायला वापरायची सळई. त्सुबाच्या बाहेरच्या कडेला मिमि म्हणतात. जपानीत मिमि म्हणजे कान.

भिंग घ्या, १० पटीचं पुरे. एक छोटा टॉर्च घ्या आणि उजेड समोरून न टाकता बाजूनं, अगदी तिरका टाका. आणि सगळ्यात आधी सेप्पा-दाईकडे बघा. नवखा माणूस नक्षी बघतो. मुरलेला माणूस भोकाची कड बघतो.

भोक मोठं पडून त्सुबा पात्यावर खडखडायला लागली, की कारागीर भोकाच्या कडेला छिन्नीचे ठोके मारी. धातू थोडा आत सरकायचा आणि दांड्याला धरायचा. या खुणांना तागाने-आतो म्हणतात. दुसरा उपाय म्हणजे भोकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला तांब्याचे छोटे तुकडे बसवायचे, त्यांना सेकिगाने म्हणतात. तांबं मऊ, त्यामुळे ते कानशीनं हवं तसं घासता येई आणि पात्याच्या दांड्यालाही इजा होत नसे. काही कारागिरांनी तर ठोक्यांची ठरावीक मांडणी केली आणि ती त्यांची ओळखच झाली. एकदोन पिढ्या वापरात राहिलेल्या त्सुबावर यातलं काहीतरी सापडतं. भोक गुळगुळीत, कडा कोऱ्या, सेप्पा टेकल्याची पुसटशीही खूण नाही, तर ती त्सुबा कदाचित तलवारीवर कधी चढलीच नसेल. त्यात वाईट काही नाही, नजराण्यासाठीही त्सुबा केल्या जात. पण अशा कोऱ्या भोकाभोवतीचं बाकी लोखंड मात्र तीन शतकं झिजल्याचा आव आणत असेल, तर दोन नोंदी जुळत नाहीत.

आता सही. सही आणि ठोके यांचं नातं बघणं हा माझ्या मते या सगळ्या विद्येतला सर्वांत सुंदर भाग आहे, कारण इथे जपानी लिपीचं एक अक्षर न येताही निकाल लागू शकतो. ठोका सहीच्या रेघेवर पडून रेघ चेपली गेली असेल, तर सही आधीची आणि ठोका नंतरचा. म्हणजे सही झाल्यावर त्सुबा कुठल्या तरी पात्यावर बसवली गेली. हे सरळ आहे. भोक वाढवताना एखाद्या अक्षराची बाजू कापली गेली असेल तरीही तोच क्रम, आणि ग्राहकाला जे व्यंग वाटतं तेच खरेपणाच्या बाजूनं साक्ष देतं. उलट, सहीची रेघ ठोक्याच्या खळग्यात उतरून पलीकडे चढली असेल, तर सही करणाऱ्याच्या आधी ठोका तिथे हजर होता. आणि तिसरा प्रकार: सगळी सही ठोक्यांना, सेकिगानेला अंग चोरून, उरलेल्या जागेत अक्षरं आक्रसून नीट बसलेली. मूळ कारागीर कोऱ्या जागेवर सही करतो. अंग चोरायचं त्याला कारणच नसतं.

छिन्नीनं रेघ ओढली की धातू नाहीसा होत नाही, तो दोन्ही काठांवर उचलला जातो. जुन्या सहीत हे उचललेले काठ सेप्पाच्या घासण्यानं आणि वर्षानुवर्षांच्या हाताळणीनं बसलेले असतात. नव्या सहीचे काठ नखाला लागतात. रेघेचा तळही बघा: आजूबाजूच्या लोखंडाच्या रंगाचा आहे, की त्याच्याहून उजळ? की आतच तेवढा एकसारखा तांबूस गंज, जणू मुद्दाम ओल देऊन आणलेला?

खोट्या सहीला जपानीत गिमेई म्हणतात, सही नसलेल्या वस्तूला मुमेई. चांगली पण बिनसहीची त्सुबा हे लबाडाचं आवडतं सावज, कारण वस्तू खरोखरच जुनी असते. खोटं फक्त नाव. नोबुइए आणि कानेइए ही मोमोयामा काळातली, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराची दोन मोठी नावं. त्सुबावर सही करण्याची प्रथा रूढ करणाऱ्या पहिल्या कारागिरांत त्यांची गणना होते. साहजिकच त्यांच्या सह्या पुढे किती हातांनी गिरवल्या त्याला गणती नाही. नोबुइएची सही दोनच अक्षरांची, आणि खुद्द अस्सल मानल्या गेलेल्या सह्यांतही जाणकार दोन वळणं वेगळी काढतात, एक सुटसुटीत आणि एक जाड अक्षरांचं. कानेइएच्या सहीत ‘जोशू फुशिमी’ हा त्याचा ठावठिकाणाही असतो. हिकोनेच्या सोतेनची गोष्ट आणखी मजेची. त्याची गाव, पदवी, नाव आणि ‘घडवलं’ अशी लांबलचक सही, आणि जाळीदार लोखंडात माणसं, झाडं, लढाया कोरून सोन्याचे ठिपके देण्याची शैली इतकी खपली, की ती सही म्हणजे जवळजवळ मालाचा प्रकारच झाला. सोतेनची सही दिसली की मी तिच्याकडे दुर्लक्ष करून काम बघतो. माणसांच्या चेहऱ्यांना नाक-डोळे आहेत की नुसते गोळे, एवढ्यावर बरंच कळतं.

सही चढवतात तशी ती खोडतातही. खोट्या सहीमुळे प्रमाणपत्र मिळेना, म्हणून सही घासून टाकून वस्तू पुन्हा मुमेई करायची. मग सेप्पा-दाई एका बाजूला किंचित खोल, पातळ होते. तिरक्या उजेडात ती खोलगट जागा दिसते, बोटालाही जाणवते.

हित्सु-आनाकडे वळू. जुन्या पातळ लोखंडी त्सुबांना, ज्यांना परंपरेनं तलवार घडवणाऱ्यांच्या किंवा चिलखत करणाऱ्यांच्या त्सुबा म्हणतात, पुष्कळदा ही भोकं मुळात नसतच. पुढे एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या शांततेच्या अडीच शतकांत, म्यानात कोझुका आणि कोगाई खोचायची फॅशन सर्वदूर झाली आणि जुन्या त्सुबांना भोकं पाडली गेली. हा जुना, प्रामाणिक फेरफार. तो ओळखायचा कसा? मूळ आराखड्यातच भोक असेल तर नक्षी त्याला जागा देते: वेल वळून जाते, पानाचं टोक अलीकडे थांबतं, भोकाभोवती नीट काठ सोडलेला असतो. नंतरचं भोक नक्षीच्या पोटातून जातं. बगळ्याची मान अर्धी कापलेली दिसली तर बगळा आधीचा. भोकाच्या आतल्या भिंती बघा. बाहेरच्या पृष्ठभागाचा काळपट तपकिरी रंग आत वळून उतरला आहे का, की भोकाच्या ओठाशी तो अचानक तुटतो? रंग आत उतरला असेल तर फेरफार जुना. तुटत असेल, आणि कडा बोटाला करकरीत लागत असतील, तर नुकताच कोणीतरी हात चालवलेला आहे.

उलटाही प्रकार आहे. नको असलेलं भोक बुजवायचं. त्यासाठी शिसं, कथिल, कधी सोनं, आणि बऱ्याचदा शाकुदो, म्हणजे तांबं आणि थोडं सोनं यांचा काळा मिश्रधातू वापरत. बुजवलेल्या भोकांच्या त्सुबा मला विशेष आवडतात. आपल्या आजीच्या बांगडीला दिलेल्या डाखेसारखा तो तुकडा लपत नाही आणि लपायचा प्रयत्नही करत नाही. आजचा दुरुस्त करणारा मात्र लपवतो. आरपार चिकटद्रव्य भरून वर काळा रंग फासलेला असेल, तर टॉर्चच्या तिरक्या उजेडात त्याची चकाकी लोखंडापेक्षा वेगळी पडते.

जाळीकामात, ज्याला जपानीत सुकाशी म्हणतात, हाच नियम लागू. साध्या जुन्या चकतीवर नंतर जाळी कापली की मोलभाव बदलतो. चकतीचा पृष्ठभाग पुरातन आणि जाळीच्या आतल्या भिंती तरुण, अशी ती वस्तू दोन वयांची होते. कडाही घासून बदलतात. ठोकून घडवलेल्या जुन्या लोखंडाच्या कडेवर कठीण लोखंडाच्या लहान गाठी उठून दिसतात, त्यांना तेक्कोत्सु म्हणजे ‘लोखंडाची हाडं’ म्हणतात, आणि संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात. कड कुठे मार लागून खराब झाली म्हणून गोल घासून घेतली, तर ही हाडं जातात आणि नक्षी कडेशी अपुरी, छाटल्यासारखी राहते. कधी अशी छाटलेली कड झाकायला वर धातूची पट्टी चढवतात. पट्टी फुकुरिन म्हणून मूळचीही असू शकते; पट्टीखाली नक्षी शिरत असेल तर पट्टी नंतरची.

सोन्याचं काम दोन जातींचं. एकात लोखंडात खाच कोरून तिच्यात सोन्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, हे खरं जडावाचं काम. दुसऱ्यात लोखंडावर अतिशय बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून पृष्ठभाग कापडाच्या विणीसारखा खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याचा पातळ वर्ख दाबतात. हे नुनोमे-झोगान, नुनोमे म्हणजे कापडाची वीणच. आपल्याकडच्या कोफ्तगरीची ही सख्खी बहीण. आता झीज कुठे होते ते आठवा: जिथे हात लागतो, कापड घासतं, जी जागा उंच आहे, तिथे. जुनं सोनं उंचवट्यांवरून आधी उडतं आणि खाली ती वीण उघडी पडते; खोबणीत मात्र ते टिकून राहतं. उंचवट्यावर भरघोस आणि खोबणीत अपुरं सोनं दिसलं तर थांबा. आणि सगळ्यात ठळक पुरावा असा: लोखंडाला गंजून पडलेल्या बारीक खड्ड्यांच्या आत सोनं उतरलेलं दिसलं, तर खड्डा आधी पडला आणि सोनं नंतर आलं. गंज शंभर वर्षांचा असेल, तर सोनं फार तर त्याच्या नातवाच्या वयाचं. विजेवर चढवलेला मुलामा तर आणखी सहज कळतो. तो वीण ओळखत नाही, कड ओळखत नाही, सगळीकडे सलग पसरतो.

लोखंडाचा रंग ही सांगायला अवघड आणि बघायला सोपी गोष्ट. चांगल्या जुन्या लोखंडी त्सुबावर गडद, घट्ट, हाताळल्यानं ओलसर वाटणारी एक साय असते. ती गंजाचीच, पण स्थिरावलेल्या गंजाची. लाल, भुसभुशीत गंज वेगळा. तो चालू असतो, कापडाला लागतो. कोणीतरी आम्लात बुडवून सगळा गंज एकदम काढला, की सायही जाते, हातोड्याचे मूळ ठसे बोथट होतात आणि पृष्ठभाग एकसारखा, मुका, बारीक छिद्रांचा दिसतो. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम हातात धरून पाहिलेल्याला हे लगेच पटेल. ठोक्याची कड जिवंत असते, आणि ती घालवली की ती परत आणता येत नाही. मग वरून बंदुकीच्या नळीला देतात तसा रासायनिक निळा-काळा रंग देतात, किंवा मेण आणि बुटाचं पॉलिशसुद्धा चोळतात. पांढऱ्या सुती कापडानं कोपरे पुसा. काळं कापडावर आलं आणि खाली राखाडी दिसलं, तर काय झालं ते कळलं.

तांब्याच्या मिश्रधातूंची गोष्ट याहून नाजूक. शाकुदो म्हणजे तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं. घडवताना तो तांब्यासारखाच दिसतो. नंतर तो घासून, किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवून, रोकुशो नावाच्या तांब्याच्या क्षारांच्या द्रावणात उकळतात, आणि मग त्याच्यावर कावळ्याच्या पंखासारखा निळसर-जांभळी झाक असलेला काळा रंग उठतो. मुळा भाजीपलीकडेही उपयोगी पडतो हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. शिबुइची हा तांबं आणि चांदीचा धातू. नावाचा अर्थच ‘चारातला एक’, आणि त्याच उकळण्यातून त्यावर राखाडी रंग येतो. बिदरीचा काळा रंग जसा लेपानं उठवलेला असतो, तसाच हाही पृष्ठभागावरचा पातळ पापुद्रा. वारसानं घर आवरताना पितळेच्या समयांबरोबर शाकुदोची त्सुबाही पॉलिशनं घासली, की दहा मिनिटांत तांबं. अशा वस्तू पुन्हा उकळून रंग आणता येतो, आणि चांगल्या कारागिरानं केलं तर ते काम वाखाणण्याजोगं असतं. पण इथेही क्रम विचारा. मूळ रंग असेल तर उंचवट्यांवर झिजून तो विटलेला, तपकिरी झालेला असायला हवा. उंचवटे झिजून बोथट झालेत आणि तरी रंग तिथेही कोरा करकरीत, म्हणजे झीज आधी, रंग नंतर. साध्या तांब्यावर गंधकाचा काळेपणा आणून शाकुदो म्हणून विकलेलं असेल, तर तो काळा मळकट असतो, निळी झाक त्यात नसते.

शाकुदोच्या पार्श्वभूमीवर बऱ्याचदा माशाच्या अंड्यांसारखे अगदी बारीक गोल दाणे ओळीनं उठवलेले असतात. हे नानाको. प्रत्येक दाणा ठशाच्या एकेका ठोक्यानं, हातानं. भोक बुजवलं, नक्षी वाढवली, ठिगळ लावलं, तर ओळी मोडतात. आणि मोडलेली ओळ भिंगाखाली शेतातल्या चुकलेल्या तासासारखी दिसते. ओतून केलेल्या नकलेत दाणे वेगवेगळे न राहता एकमेकांत वितळल्यासारखे होतात.

ओतीव नकलांबद्दल थोडक्यात, कारण तो फेरफार नव्हे, सरळ बनावट. साच्याच्या दोन अर्ध्यांची जोडरेघ जाळीच्या आतल्या भिंतींवर सापडते. वर ती घासून टाकतात, आत हात पोचत नाही. हवेच्या बुडबुड्यांची सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. खोल कोपऱ्यांत छिन्नीची धार दिसायच्या ऐवजी गोलाई दिसते. दोऱ्यावर टांगून टिचकी मारली तर घडीव लोखंड नादतं आणि ओतीव बहुधा ठप्प वाजतं, असं सांगतात. मी या चाचणीवर एकटीवर कधी विसंबणार नाही. मापावर मात्र विसंबता येतं. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे मूळ त्सुबावरून साचा घेऊन केलेली नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. एखाद्या संग्रहालयातल्या छापलेल्या त्सुबाशी तुमची त्सुबा ओरखड्यासकट हुबेहूब जुळते आणि व्यास थोडा कमी आहे, तर अभिनंदन करण्यासारखं काही नाही.

त्सुबाखेरीज उरलेल्या साजातले फेरफार कमी माहीत असतात, म्हणून जास्त फसवतात. मुठीच्या दोन टोकांच्या टोप्या म्हणजे फुची आणि काशिरा. जोडी म्हणून विकल्या जातात, पण एकीचे नानाको दाणे दुसरीहून मोठे निघाले तर लग्न बाजारात लागलेलं. सही असते फुचीच्या त्सुबाकडच्या तांब्याच्या पत्र्यावर. तो पत्रा मूळचा की दुसऱ्या फुचीचा काढून बसवलेला, हे कडेच्या डाखेवरून बघा. मुठीच्या वेष्टणाखाली बसवायची छोटी शिल्पं म्हणजे मेनुकी. चांगल्या जुन्या मेनुकी पत्रा मागून ठोकून उठवलेल्या असल्यानं पाठ पोकळ असते आणि तिच्यात हत्यारांच्या खुणा दिसतात. पाश्चात्त्य देशांत गेलेल्या पुष्कळ मेनुकींचे ब्रोच आणि कफलिंक झाले. पाठीवर कथलाचा डाग दिसला तर तो त्या मुक्कामाचा.

यातला माझा सर्वांत आवडता फेरफार गोतो घराण्यातला आहे. गोतो युजो (१४४० ते १५१२) याच्यापासून हे घराणं सतरा पिढ्या चाललं आणि सत्ताधाऱ्यांच्या तलवारींचा साज करत राहिलं. काळ बदलला, कोगाईपेक्षा कोझुकाला मागणी वाढली, तेव्हा जुन्या कोगाया कापून, मागे नवा पत्रा लावून त्यांचे कोझुका केले गेले. जुन्या मेनुकींचं शिल्प काढून नव्या कोझुकावर बसवलं गेलं. आणि घराण्याच्या नंतरच्या प्रमुखांनी त्यावर स्वच्छ कोरून ठेवलं: नक्षी युजोची, खाली स्वतःचं नाव आणि काओ, म्हणजे कोरीव शिक्का-सही. मित्सुताका या तेराव्या प्रमुखाच्या अशा नोंदी पुष्कळ भेटतात. हा तर अक्षरशः मंजूर केलेला फेरफार. पुढे लबाडांनी अशा प्रमाणित सह्याही नकलून ठेवल्या, हे ओघानं आलंच.

कागदपत्रांचं काय? गोतो घराणं साजाच्या पारखीचे लेखी दाखले देई, घडी घातलेल्या कागदावर. असा दाखला म्हणजे ओरिगामी. आपल्याला हा शब्द कागदाच्या बगळ्यांमुळे माहीत, पण जपानीत आजही ‘ओरिगामी जोडलेला’ माणूस म्हणजे खात्रीचा माणूस. आज सगळ्यात जास्त मान निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या १९४८मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या दाखल्यांना आहे. होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो, तोकुबेत्सु जुयो अशा चढत्या पायऱ्या. त्याच संस्थेचे १९८२पर्यंतचे ‘किचो’ नावाचे जुने दाखले मात्र बाजार तितके मानत नाही. दाखल्यावर वस्तूचा फोटो असतो. तो फोटो आणि हातातली वस्तू भिंगाखाली शेजारी शेजारी धरा आणि नक्षी जुळवू नका, खोडी जुळवा: कडेवरचा खड्डा, भोकाशी पडलेला वाकडा ठोका, सेकिगानेचा आकार. फोटोत बिनसहीची आणि हातात सहीची, असंही होतं. फोटोत सोन्याचा एक ठिपका आणि हातात पाच, असंही.

एक नोंद लोक हमखास पुसून टाकतात. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले युरोपीय संग्राहक आपल्या त्सुबांवर अनुक्रमांक घालत, बहुधा सेप्पा-दाईवर किंवा भोकाच्या आत, लाल किंवा पांढऱ्या रंगात, एखाद्या बारीक कुंचल्यानं. विकणाऱ्याला तो डाग वाटतो आणि तो थिनरनं काढतो. पण त्या आकड्यावरून जुन्या लिलावाची छापील यादी सापडू शकते, यादीत त्या वेळचं वर्णन असतं, आणि वर्णनात ‘सही नाही’ असं लिहिलेलं असलं, तर आजची सही कधीनंतर आली हे त्या यादीच्या सालावरूनच कळतं.